सावलीसाठी लाइव्ह ओक की लॉरेल ओक?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा किंवा जॉर्जियात घर घेतलेल्या आणि अंगणात बारमाही सावली हवी असलेल्या माणसापुढे बहुधा ओक वृक्षाच्या याच दोन जातींची नावे येतात. रोपवाटिकेत दोन्ही रोपे शेजारी ठेवली, तर नवख्याला फरक चटकन उमगत नाही, म्हणून पान उलटून पाहावे. लाइव्ह ओकचे पान जाड, कडा खाली वळलेल्या आणि पाठ राखाडी, बारीक लवेची असते. लॉरेल ओकचे पान पातळ, सपाट आणि दोन्ही बाजूंनी हिरवे असते.

वाढीच्या वेगात लॉरेल ओक सरस आहे, हे मान्य करावेच लागेल. तो लवकर उंच होतो, ओलसर जमीन सहन करतो आणि त्याचा पर्णसंभार तुलनेने उभट असल्यामुळे बेताच्या जागेतही सामावतो. आमच्या घरामागे आधीच्या मालकांच्या वेळचा एक लॉरेल ओक होता आणि त्याच्या सावलीविषयी माझी कसलीही तक्रार नव्हती.

तक्रार होती ती त्याच्या पोटाविषयी. या झाडाचे आयुष्य साधारण 50 ते 70 वर्षांचे असते आणि उत्तरार्धात त्याचे खोड आतून कुजू लागते. बाहेर मात्र पाने तितकीच तुकतुकीत राहतात, त्यामुळे ढोली किती खोल गेली आहे याचा पत्ता लागत नाही. 1 जूनला चक्रीवादळांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दरवर्षी जाणकाराला बोलवायचे, त्याने लाकडी हातोड्याने खोड ठोकत, कान देत फेरी मारायची आणि शेवटी ‘यंदा निभावेल असे दिसते’ एवढेच सांगायचे, हा क्रम आमच्या अंगवळणी पडला होता. पुढे वाराही नसलेल्या एका दुपारी मनगटाहून जाड फांदी गाडीशेजारी येऊन पडली. गाडी वाचली, पण नोव्हेंबरअखेरपर्यंत छपराकडे पाहत राहण्याचा मला कंटाळा आला होता. झाड काढून आम्ही लाइव्ह ओक लावला.

फ्लोरिडा विद्यापीठाने वादळांनंतर केलेल्या पाहण्यांत लाइव्ह ओक वाऱ्याला सर्वाधिक दाद न देणाऱ्या झाडांत, तर लॉरेल ओक लवकर मोडणाऱ्यांत गणला गेला आहे. लाइव्ह ओकचे लाकूड इतके जड आणि चिवट असते की 1797 साली जलावतरण झालेल्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेचा सांगाडा त्याचाच घडवला होता. शिवाय तो शतकानुशतके जगतो.

त्याचेही उपद्रव आहेतच. वसंतात जुनी पाने थोड्याच आठवड्यांत झडतात, पाठोपाठ फुलोऱ्याचे तुरे गळतात आणि पन्हळी तपकिरी गाळाने तुंबतात. परागकणांची पिवळी पूड गाडीवर बसते ती वेगळीच. पण हा त्रास वेळ ठरवून येतो आणि झाडूने आवरतो, म्हणून मला तो सुसह्य वाटतो. खरी अट आहे ती जागेची. त्याचा विस्तार उंचीपेक्षा कितीतरी जास्त होतो, त्यामुळे घराच्या भिंतीपासून निदान दहा मीटर तरी सोडावेत. फुटपाथलगत तर तो लावूच नये, मुळे फरशी उचलतात.

रोप घेताना कुंडीतली मुळे गोल गोल फिरलेली नाहीत ना, हे पाहावे; फिरलेली असल्यास लावण्यापूर्वी कडेने कापून घ्यावीत. खोड जेथे रुंदावत मुळांत शिरते तो भाग मातीबाहेर दिसला पाहिजे. कोवळ्या वयात दोन शेंडे बरोबरीने वाढून अरुंद बेचके होऊ लागले, तर एक शेंडा वेळीच छाटून मागे ठेवावा, कारण बलाढ्य लाइव्ह ओकही बहुधा अशा बेचक्यातच फाटतो.

आमच्या झाडाखाली तूर्त दोन खुर्च्यांपुरतीच सावली पडते. ज्यांना सावली लवकर हवी आहे, ज्यांची जागा अरुंद किंवा पाणथळ आहे, त्यांनी लॉरेल ओक निवडल्यास मी त्यांना नावे ठेवणार नाही; फक्त तो उन्मळला तरी छपरापर्यंत पोहोचणार नाही, इतक्या अंतरावर लावावा.