ड्रेक पॅसेजमधला अख्खा दिवस समुद्रात, पैसे वसूल का?

नागपूरच्या माणसाचा समुद्र म्हणजे फुटाळा तलाव. त्यामुळं अंटार्क्टिकाच्या टूरच्या कागदावर ‘दिवस दुसरा: समुद्रात’ एवढंच लिहिलेलं पाहून माझं डोकंच फिरलं होतं, एवढे लाखो भरायचे आन् जाता-येता मिळून तीन-चार दिवस नुसतं पाणी पाहत बसायचं का बाप्पा!

अर्जेंटिनातल्या उशुआयाहून संध्याकाळी निघालो, बीगल चॅनेलमध्ये जहाज एकदम गप्प, रात्री बाहेर निघालं तसे कपाटातले हँगर वाजायला लागले. हा ड्रेक म्हणजे केप हॉर्न ते साउथ शेटलंड बेटं, साधारण ८०० किमी, आन् त्या पट्ट्यात पृथ्वीला पूर्ण चक्कर मारली तरी मधे जमीन आडवी येत नाही, मग वाऱ्याला अडवणार कोण. शांत असला तर स्टाफ त्याला ड्रेक लेक म्हणते, खवळला तर ड्रेक शेक. आम्हाला मधला मिळाला, तरी सकाळी पाहतो तर केबिनबाहेरच्या बोळातल्या रेलिंगमध्ये उलटीच्या पिशव्या खोचून ठेवलेल्या. नाश्त्याला अर्धी टेबलं रिकामी.

आता खरी मजा. दुपारी सगळ्यांना आपापले जॅकेट, बॅगा, ग्लोव्हज घेऊन बोलावलं आन् व्हॅक्यूम क्लीनरनं एकेक खिसा, एकेक चेन साफ करायला लावली. बाहेरचं बी-बियाणं तिकडं जाऊ नये म्हणून. मला वाटलं नाटक आहे. माझ्या जॅकेटच्या व्हेल्क्रोतून स्टाफच्या एका पोरीनं चिमट्यानं तीन कुसळं काढून ट्रेमध्ये ठेवली, अंबाझरीच्या वॉकची! बायको सगळ्यांसमोर म्हणते, "अहो, सांगितलं होतं ना, हे जॅकेट धुऊन घ्या म्हणून." पोरीला मराठी कळत नव्हतं पण ती हसली. किनाऱ्यावर जायचे रबरी बूट पण जंतुनाशकात बुडवून घेतले. मग नियम सांगितले, पेंग्विनपासून ५ मीटर लांब, खायचं काही न्यायचं नाही, एका वेळी १०० च लोक उतरणार, आन् ५०० च्या वर प्रवासी असलेलं जहाज तर कोणाला उतरवतच नाही. म्हणजे स्वस्त पडते म्हणून मोठं जहाज घेऊन राहिले असाल तर आधी हे विचारा.

क्रिलवरच्या (तिकडचे कोळंबीसारखे बारके जीव) लेक्चरमध्ये मी झोपलो, खरं सांगतो. पण ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, उघडा होता, कॅप्टनच्या बाजूला जाऊन उभं राहता येते, फक्त बडबड करायची नाही. तिथं दीड तास कसा गेला कळलं नाही. वाँडरिंग अल्बाट्रॉस दिसला, पंख पसरले की साडेतीन मीटरपर्यंत जातात, म्हणजे दोन ॲक्टिवा एकामागे एक लावा, आन् पठ्ठ्या पंख न हलवता लाटेच्या वाऱ्यावर नुसता तरंगून राहिला होता. मी फोटो काढायला मोबाईल काढला तवा तो डाव्या बाजूला, क्लिक केलं तवा उजव्या. बावीस फोटो, बावीसही पाण्याचे.

संध्याकाळी अनाउन्समेंट, आपण कन्व्हर्जन्स ओलांडून राहिलो, म्हणजे उत्तरेचं त्यातल्या त्यात कमी थंड पाणी संपून अंटार्क्टिकाचं थंड पाणी सुरू. डेकवर गेलो तर धुकं आन् नाक सुन्न. आपल्या डिसेंबरातल्या पहाटेची थंडी याच्यापुढं काहीच नाही.

जेवण ठीक. व्हेज आधीच कळवलं होतं, तरी वरणाला फोडणीचा पत्ता नाही, घरून नेलेल्या संत्रा बर्फीवर आन् लसणाच्या चटणीवर निभावलं. वायफायचे पैसे वेगळे घेतले आन् व्हॉट्सॲपचा एक फोटो जायला चहा थंड व्हायचा, याचा मात्र एक स्टार कापतो. पाचपैकी चार.

केबिन खालच्या डेकवर मधोमध मागा, कमी हलते आन् स्वस्त पण पडते. आन् मळमळीची गोळी डॉक्टरला विचारून जहाज हलायच्या आधीच घ्या, नंतर घेतली तर ती पण बाहेर येते.