कमी बजेटचा टर्बो: मूळ पिस्टन की फोर्ज्ड?

मूळचं बिनटर्बो इंजिन असेल आणि पैसे मोजके असतील, तर टर्बो बसवताना ते न उघडता 0.4 ते 0.5 बार बूस्टवर (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) थांबावं, असं माझं ठाम मत. चांगल्या स्थितीतले मूळचे कास्ट (साच्यात ओतलेले) पिस्टन एवढा दाब सहसा सोसतात; त्यांचा खरा शत्रू नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, अवेळी भडकणं. इंधन कमी पडलं किंवा स्पार्क फार लवकर पडला, की रिंगांमधला पातळ काठ तुटतो. म्हणून पैसा आधी इंजेक्टर, इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि इंधन-स्पार्क नीट जुळवणाऱ्या जाणत्या ट्यूनरवर घाला.

जास्त बूस्ट हवा असेल तर फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन-रॉड घ्या, पण सोबत बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं), बेअरिंग, गॅस्केट हा खर्च येतोच. 2618 या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर जास्त प्रसरण पावतात, म्हणून क्लिअरन्स (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट) जास्त ठेवावा लागतो. थंड इंजिन थोडं खडखडतं. आणि ट्यूनिंग चुकलं तर फोर्ज्ड पिस्टनही वितळतात!