स्टुटगार्टचं ट्रेनिंग: सेंटरजवळचं हॉटेल की शहरातलं अपार्टमेंट?

पुण्याहून जर्मनीतल्या स्टुटगार्टला ट्रेनिंगला निघालेल्यांपुढे कंपनीचा ट्रॅव्हल डेस्क साधारण दोन पर्याय ठेवतो. एक, स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगन गावाकडच्या औद्योगिक भागात सेंटरपासून चालत जाता येईल असं बिझनेस हॉटेल. दुसरा, स्टुटगार्ट वेस्टमध्ये फॉयरझे किंवा श्वाबश्ट्रासे स्टेशनच्या आसपास, स्वयंपाकघर असलेलं सर्व्हिस अपार्टमेंट. मी दोन्हीकडे राहिलोय. खर्चाचं कंपनी बघते, म्हणून तो विषय बाजूला ठेवतो.

हॉटेलची जमेची बाजू मोठी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. सकाळी ट्रेन चुकण्याची धास्ती नाही. रविवारी रात्री पोचलात तरी रिसेप्शनवर माणूस असतो. बिल कंपनीच्या नावाने नीट मिळतं. बॅचमधले बाकीचे लोकही बहुतेक तिथेच उतरलेले असतात. दिवसा वर्गात न कळलेलं काही संध्याकाळी लॉबीत बसून विचारता येतं. संध्याकाळी सहानंतर मात्र बाहेर शुकशुकाट. चाकण एमआयडीसीतून शिफ्टच्या बस निघून गेल्यावर जसं वाटतं, तसंच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. माझा निर्णय फिरला तो पहाटेमुळे.

शरीर पुण्याच्या घड्याळावर असतं. भारत उन्हाळ्यात जर्मनीच्या साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे रोज सहाला उठणाऱ्याला तिथे रात्री अडीचलाच जाग येते, थंडीत तर दीडला. पुन्हा झोप लागत नाही, पोटात कावळे ओरडायला लागतात, आणि नाश्ता उघडणार साडेसहाला. आपल्याकडच्या हॉटेलात खोलीत किटली आणि चहाच्या पुड्या असतात, तसं जर्मनीत धरून चालू नका. माझ्या खोलीत नव्हती. खाली मशीनची कॉफी होती, तीही नाश्त्याच्या वेळेतच. मी काळोखात पलंगावर बसून पाणी पीत नोट्स उलटायचो आणि दुपारी जेवणानंतर नेमका सर्वात अवघड भाग सुरू झाला की डोळे मिटायला लागायचे. शिकायला गेलोय आणि शिकवलेलं डोक्यात शिरत नाही, याचा फार त्रास झाला.

किटली घरून न्यावी, असं बरेच जण सुचवतात. चालेल, पण आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागतो. आणि युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून न्यायला मनाई आहे. त्यामुळे दूध पावडर, तूप, पेढे घरीच ठेवा.

अपार्टमेंटमध्ये तीच पहाट उपयोगी पडली. उठायचं, गॅसऐवजी हॉटप्लेट असते ती लावायची, आलं ठेचून चहा उकळायचा, मूठभर पोहे भिजवायचे. चार वाजता टेबलावर बसून आदल्या दिवसाचा भाग शांतपणे परत वाचायचा. उरलेले पोहे डब्यात. संध्याकाळी लवकर झोप आली तर खुशाल झोपायचं, जेवायला बाहेर पडायची सक्ती नाही. माझ्यापुरतं तरी ट्रेनिंग तेव्हापासून अंगी लागलं.

प्रवासाचं म्हणाल तर एस-१ ही एस-बान, म्हणजे तिथली लोकल, फॉयरझेहून थेट ब्योब्लिंगनला जाते. कामाच्या वेळेत गाड्या भरपूर असतात. अडचण येते ती स्टुटगार्ट २१ या स्टेशनच्या कामामुळे. ते २०१० पासून चालू आहे, आणि काही उन्हाळ्यांत शहराखालचा एस-बानचा बोगदाच कित्येक आठवडे बंद ठेवलेला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर आधी वेळापत्रक पाहा. बंद असेल तर मीही हॉटेलच घेईन.

अपार्टमेंटचे नियम थोडे अंगावर येतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत, काचेच्या रिकाम्या बाटल्या त्यांच्यासाठीच्या वेगळ्या पेटीत, त्याही रविवारी टाकायच्या नाहीत. घरोघरी स्मोक अलार्म असतो. मोहरी तडतडायच्या आधी खिडकी उघडा आणि फोडणी मंद आचेवर करा. जिन्यात केरवोखंची पाटी दिसेल. ती जिना झाडायची भाडेकरूंची पाळी, स्वाबियन, म्हणजे तिथले स्थानिक लोक, ती मनापासून पाळतात. पाहुण्याकडे ती सहसा येत नाही, तरी मालकाला विचारून घेतलेलं बरं.

आठवड्याभराचाच कोर्स असेल तर हॉटेल घ्यायला माझी हरकत नाही. शरीर रुळेपर्यंत परतीचं विमान येतं. दोन आठवडे किंवा जास्त असेल तर मी अपार्टमेंटसाठी ट्रॅव्हल डेस्कशी वाद घालेन. फक्त तिकीट शनिवारी दुपारपर्यंत पोचेल असं काढा. रविवारी सुपरमार्केट बंद असतात, मुख्य स्टेशनातली थोडी दुकानं तेवढी उघडी मिळतात, आणि नव्या स्वयंपाकघरात मीठसुद्धा असेलच असं नाही. पोहे, मोहरी, हळद, हिंग सामानात टाका; दूध, आलं, कांदे तिथे कोपऱ्यावर मिळतात.