लाल टोकाचा टंगस्टन रॉड : काम चोख, पण कूलरसमोर घासायचा नाही

नागपूरची हिंगणा एमआयडीसी असो की बुटीबोरी, स्टेनलेसच्या आर्गन वेल्डिंगला अजूनही हाच रॉड मागितला जातो. पाकिटावर डब्ल्यूटी-20 असं छापलेलं असतं. टी थोरियमचा आणि 20 म्हणजे दोन टक्के थोरियम ऑक्साईड. 2.4 मिमी जाडीचा, 150 मिमी लांबीचा रॉड साधारण 13 ग्रॅम भरतो, म्हणजे त्यात पाव ग्रॅम थोरियम ऑक्साईड आलं.

एवढंसं घालून मिळतं काय? आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि धातू यांच्यामधली विजेची ज्योत, पटकन धरतो. टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साडेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, थोरियम मिसळलेल्याला अडीचच्या आसपास पुरतात. त्यामुळे कमी करंटवर सुरुवात होते, टोक थंड राहतं आणि बराच वेळ अणकुचीदार टिकतं. 150 ते 250 अँपिअरला, टॉर्च निगेटिव्हला जोडून, स्टेनलेस आणि माइल्ड स्टीलवर याच्याबद्दल तक्रारीला जागा नाही. ॲल्युमिनियमवर एसी करंटला मात्र लावू नका. टोकाचा नीट गोळा होत नाही, फाटतं आणि टंगस्टनचे कण जोडात पडतात.

आता थोरियमचं. 1828 मध्ये नॉर्वेत सापडलेल्या एका खनिजातून ते स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याच्या हाती लागलं, किरणोत्सारी असल्याचं 1898 मध्ये कळलं. आपल्याकडे केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत ते भरपूर आहे. जुन्या गॅसबत्तीची जाळी पांढरीशुभ्र पेटायची तीही याच्याच ऑक्साईडमुळे. अर्धायुष्य (निम्मं थोरियम विरायला लागणारा काळ) सुमारे 1,400 कोटी वर्षं, म्हणजे किरणोत्सार अगदी संथ. बाहेर पडतात ते मुख्यतः अल्फा कण, ते कागदानंही अडतात. अख्खा रॉड हातात धरला म्हणून घाबरण्यासारखं काही नाही.

घोळ आहे तो टोक काढताना. ग्राइंडरवर उडणारी बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात बसली की तेच अल्फा कण आतून मारा करतात, तिथे अडवायला कागद नाही. आणि नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 ला टेकलेला असताना, ग्राइंडरमागे डेझर्ट कूलर घरघरत असतो. तो ही धूळ सगळ्या शेडभर, पोट्ट्यांच्या डब्यापर्यंत पोचवतो. तोंडाला दुपट्टा बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा एफएफपी-2 मास्कच लागतो. (तोच कूलर जोडावर रोखला तर जोडाला हवेपासून वाचवणारा आर्गन वायूही उडवून लावतो आणि वेल्डला भोकं पडतात. मग गॅस वाढवत बसतात, तर आर्गनच गरगरत बाहेरची हवा आत ओढतो. कूलरचं तोंड फिरवा, गॅस मिनिटाला 8 ते 10 लिटरच ठेवा.)

घासायची रीत अशी: टंगस्टनसाठी वेगळा, शक्यतो डायमंडचा दगड, त्यावर दुसरं काही घासायचं नाही. उतार जाडीच्या दोन-अडीच पट, म्हणजे 2.4 च्या रॉडला 5 ते 6 मिमी. ओरखडे रॉडच्या लांबीत यायला हवेत, आडवे आले की आर्क भरकटतो. रंगाचं टोक घासू नका, नाहीतर उरलेला तुकडा कशाचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. धूळ ओल्या फडक्यानं पुसा, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. वेल्ड संपल्यावर 10-15 सेकंद गॅस चालू ठेवा. लवकर तोडला की टोक निळं-काळं पडतं, पुन्हा घासावं लागतं, पुन्हा धूळ. टोक वितळलेल्या धातूत बुडालं तर तेवढा भाग आधी खाच पाडून मोडा. हातोडीनं ठोकला तर रॉड उभा चिरतो.

इतवारीच्या बाजारात सुटे रॉड घेताना नुसत्या लाल रंगावर जाऊ नका, छापील पाकीट मागा. पिवळं टोक म्हणजे एक टक्का थोरियम, करडं सिरियमचं, सोनेरी आणि निळं लँथेनमचं.

थोरियमची धूळ बाहेर ओढणारा पंखा शेडमध्ये नसेल तर लाल रॉड घेऊ नका. निळा, डब्ल्यूएल-20 घ्या. 150 अँपिअरपर्यंत फरक हाताला कळत नाही, आणि इन्व्हर्टर मशीनवर ॲल्युमिनियमलाही चालतो. लाल रॉडचे उरलेले तुकडे झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा, भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका.