फायर पिट करून घेताय? प्लास्टर मारण्याआधी आतली वीट बघा

दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आमचं छोटं होमस्टे आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईचे पाहुणे शेकोटी मागतातच. पण भोवती काजू-आंब्याची कलमं, खाली वाळका पातेरा, कडेला झावळ्यांनी शाकारलेला मांगर, म्हणजे शेतातलं खोपटं. उघड्यावर जाळ नको म्हणून नीट बांधलेला फायर पिट आणि घरासाठी आग विझवायचे सिलिंडर असं एकत्र काम द्यायचं ठरलं.

तालुक्यातल्याच एका ठेकेदाराने ८५ हजारांचं कोटेशन दिलं. त्यात फायर ब्रिकचं (भट्टीला लावतात त्या, जाळ सोसणाऱ्या विटेचं) अस्तर, फायर क्लेचा जोड, आयएसआय मार्कचे ३ सिलिंडर आणि अग्निसुरक्षेचं सर्टिफिकेट असं स्वच्छ लिहिलेलं होतं. साठ टक्के आगाऊ घेतले. "वहिनी, तुम्ही निर्धास्त राहा, पाहुणे यायच्या आत तयार देतो." आम्ही लग्नाला रत्नागिरीला गेलो तेवढ्यात त्याने काम उरकलं. परत आलो तर वर प्लास्टर, तळाला नदीचे गुळगुळीत गोटे. दिसायला सुरेख. उरलेले पैसेही त्याच दिवशी घेऊन गेला.

पहिल्याच जाळाला तळातून तडतड सुरू झाली आणि एक गोटा फाटकन फुटला. त्याची तापलेली कपची उडून पुतणीच्या ओढणीवर पडली. ओढणीला भोक पडलं, मूल वाचलं. त्या क्षणाची आठवण आली की अजून हात थरथरतात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गवंडी नानांनी छिन्नीने प्लास्टर उडवलं. "वैनी, हा तर आपला जांभ्याचा चिराच आहे. भट्टीची वीट एक नाही यात." चिरा आपल्या घराच्या भिंतींना उत्तम, पण तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. नदीच्या गोट्यांचंही तेच. आतल्या पाण्याची एकदम वाफ झाली की दगड फुटतो. जोडही साध्या सिमेंटचा, आणि तो रोजच्या जाळाने भुगा होऊन सुटतो. भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक, फिकट पिवळसर, साधारण ९ × ४.५ × ३ इंचांची, साध्या विटेपेक्षा जड असते, आणि बऱ्याचदा तिच्यावर ठसा असतो. एकदा हातात घेतली की कुणालाही फरक कळतो, म्हणूनच हे लोक ती हातात येऊ देत नाहीत. तळाला पाणी जायला भोकही ठेवलं नव्हतं. कोकणातल्या पावसात त्या खड्ड्याचं डबकंच झालं असतं.

जागा तर त्याहून वाईट. थंडीत रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक असतं. आणि याने पिट मांगराच्या बरोबर पूर्वेला बांधलेला, म्हणजे रात्रीची प्रत्येक ठिणगी थेट झावळ्यांवर.

मग सिलिंडरांवरचा विश्वासही उडाला. लेबलवर भरलेलं वजन छापलेलं असतं. गिरणीतल्या काट्यावर ठेवले तर दोन सिलिंडर चांगलेच हलके भरले. चिपळूणच्या एका रिफिलिंगवाल्याने उघडून दाखवलं: पावडर अर्धीमुर्धी, तीही गोळे झालेली. नव्या स्टिकरखाली जुन्या वर्षाचं स्टिकर निघालं. बाटलीवर आयएस १५६८३ छापलेलं, पण त्याखालचा सीएम/एल नंबर (आयएसआय मार्कचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला तर जुळेना. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा मात्र हिरव्यात होता! तेव्हा नुसत्या गेजवर विसंबू नका, वजन कराच.

आणि ते सर्टिफिकेट? रबरी शिक्का मारलेला साधा कागद, परवाना क्रमांक कुठेच नाही. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे असा दाखला महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या परवानाधारक एजन्सीनेच द्यायचा असतो. ज्या इमारतींना तो कायदा लागू आहे त्यांचा बी-फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो. ठेकेदाराकडे परवाना क्रमांक मागितला तेव्हा त्याने फोन उचलणं बंद केलं.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. कोटेशनवर त्याच्याच अक्षरात 'फायर ब्रिक' लिहिलेलं आहे, आतल्या चिऱ्यांचे आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो आहेत, पैसे यूपीआयने गेलेत. तुम्हीही रोख देऊ नका, आणि अस्तर उघडं असताना स्वतः फोटो काढल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नका.

हा माणूस हर्णै-मुरुड पट्ट्यातल्या होमस्टेवाल्यांकडे अजूनही फिरतोय असं ऐकलं. त्याच्यासारख्याकडून कुणी सिलिंडर घेतले असतील, तर वणव्याचे दिवस सुरू व्हायच्या आत ते आधी काट्यावर ठेवा.