एकचाकी, दोनचाकी की चारचाकी? बागेतली ओझी वाहणारी ट्रॉली निवडताना

ट्रॉली घ्यायची म्हटलं की पहिली नजर जाते ती 'किती किलो पेलते' या आकड्यावर. माझं म्हणणं असं की आधी आपली वाट बघा. सगळ्यांत अरुंद जागा टेपने मोजा. वळण कुठे आहे, चढ किती आहे, पावसात चिखल होतो का, हे बघून ठेवा. तो आकडा सपाट, टणक जमिनीसाठी आणि सारख्या पसरलेल्या वजनासाठी दिलेला असतो, आणि बागेत तशी जमीन क्वचितच मिळते.

वजनाचा अंदाजही चुकतो. ओली माती पाण्याच्या दीडपटीहून जड असते. ७५ लिटरचा टब तिने काठोकाठ भरला, तर १२० किलोच्या आसपास ओझं होतं. तोच टब पालापाचोळ्याने भरला तर लहान मूलही ढकलेल.

एकचाकी ढकलगाडी दोन वाफ्यांमधल्या वीतभर वाटेवरून जाते, फळीवरून चढते आणि जागच्या जागी वळते. माती ओतायची तर दांडे वर उचलले की काम झालं. पण सगळं ओझं काही चाक घेत नाही. चाकाच्या आसापासून मूठ दीड मीटरवर आणि ओझ्याचा मध्य अर्ध्या मीटरवर असेल, तर एक तृतीयांश भार हातांवर येतो. म्हणजे ६० किलोतले २० किलो तुम्ही उचलून चालता, वर तोलही सांभाळता. म्हणून जड माल नेहमी चाकाच्या बाजूला भरावा. घेतानाही चाक टबाच्या जितकं खाली सरकलेलं, तितकी ती गाडी कंबरेला बरी.

दोनचाकीला तोल सांभाळावा लागत नाही. ज्यांचे खांदे किंवा मनगटं दुखतात त्यांनी ही आधी चालवून बघावी. तिची अडचण आडव्या उतारावर कळते. एकचाकी आपण हाताने सरळ धरू शकतो, दोनचाकी मात्र जमिनीबरोबर कलते. शिवाय तिला वाट रुंद लागते.

चारचाकी ओढायची असते. सपाट जागी हातावर भार जवळपास येतच नाही. दहा कुंड्या किंवा रोपांचे ट्रे लांबवर न्यायचे असतील तर हिच्यासारखी दुसरी नाही. पण पुढचा आस पूर्ण वळवला की पुढची चाकं मधोमध येतात, टेकू अरुंद होतो आणि उंच रचलेला माल तिथेच कलंडतो. वळण मोठं घ्यावं आणि दगड-विटा तळाशी ठेवाव्यात. मऊ मातीत तिची छोटी चाकं रुततात. उतारावर भरलेली चारचाकी मागून टाचांवर येते, तिथे निम्माच माल घालावा. जाळीच्या बाजूंच्या ट्रॉलीतून वाळू आणि चाळलेलं खत गळत राहतं. माती-खत वाहायचं असेल तर सलग टब असलेली, मागे उलटणारी बघा. फावड्याने ट्रॉली रिकामी करण्यात फार वेळ जातो.

एकच घ्यायची असेल तर? वाफे जवळजवळ आणि वाटा अरुंद असतील तर मी एकचाकीच घेईन. वाट रुंद, अंतर लांब आणि जमीन टणक असेल तर उलटणारी चारचाकी.

टबाचं थोडक्यात सांगते. दगड आणि विटांना पत्रा बरा, ओल्या खताला प्लास्टिक. शेणखत आणि रासायनिक खत पत्र्याला लवकर गंज आणतात, तर प्लास्टिक उन्हात वर्षानुवर्षं राहिलं की कडक होऊन तडकतं. पत्र्याचा गेज विचारताना लक्षात ठेवा, आकडा लहान म्हणजे पत्रा जाड.

खरा पैसा चाकात घालावा. हवेचा टायर खडबडीत जमिनीवर धक्के गिळतो आणि मऊ मातीत कमी रुततो. भरीव टायर पंक्चर होत नाही, पण जड असतो आणि प्रत्येक दणका हातापर्यंत पोचवतो. काट्यांची कुंपणं छाटत असाल तर भरीव घ्या, बाकी सगळ्यांनी हवेचा. टायरच्या कडेवर ४.८०/४.००-८ असं काही छापलेलं असतं. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. हा सगळा आकडा लिहून ठेवा, नवीन ट्यूब आणताना तोच लागतो. हवेची मर्यादाही तिथेच असते. एवढ्याशा टायरात काॅम्प्रेसरने क्षणात जास्त हवा भरली जाते, म्हणून हातपंपच बरा. रिम दोन भागांत बोल्टने जोडलेली असेल तर सगळी हवा सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल करू नका, रिमचे तुकडे अंगावर उडू शकतात.

माझ्या चारचाकीचं मागचं चाक एकदा भर वाटेवर निघून आलं. आसाच्या टोकाला चाक अडवून धरणारी स्प्लिट पिन झिजून तुटली होती. त्याआधी दोन आठवडे चाक डुगडुगत होतं, वाॅशर पातळ होऊन एका बाजूला धार आली होती. तेव्हापासून महिन्यातून एकदा ट्रॉली उलटी करते, प्रत्येक चाक हाताने हलवते आणि फिरवून कान देते. करकर ऐकू आली तर बेअरिंग पुसून ग्रीस भरायचं. निपल, म्हणजे ग्रीस आत दाबायचं छोटं तोंड, असेल तर जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. नट-बोल्टही त्याच वेळी आवळून घ्यायचे.

काम झालं की टब धुऊन उलटा ठेवावा, पाणी साचत नाही. रंग उडाला तिथे गंज घासून प्रायमरचा हात द्यावा, खड्डा पडेपर्यंत थांबू नये. लाकडी दांड्यांना पॉलिश पेपर मारून जवसाचं तेल चोळलं की कुसळं लागत नाहीत. त्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. बाहेर मोकळ्या हवेत पसरून पूर्ण वाळवा आणि मगच टाका.