सानी घाट आणि लेसोथो : भाड्याच्या मोटरसायकलवरील आठ दिवस

डरबनमधील एका सेवेकडून आम्ही दोघांनी आठ दिवसांसाठी मोटरसायकली भाड्याने घेतल्या आणि ड्रॅकेन्सबर्ग पर्वतरांग सानी घाटाने ओलांडून, दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या देशात गेलो. सीमा ओलांडण्यासाठी वाहनमालकाचे लेखी परवानगीपत्र लागते. ते त्यांनी न मागता तयार ठेवले होते, याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

सानी घाटाचा माथा 2,876 मीटरवर आहे. दक्षिण आफ्रिकेची चौकी पायथ्याशी आणि लेसोथोची माथ्यावर, आणि त्या दोहोंमधील सुट्या दगडांची, एकापाठोपाठ एक तीव्र वळणांची चढण चढताना पुढचे चाक सतत घसरू पाहत होते, कारण आमच्या गाड्यांना डांबरी रस्त्याचे, तेही बरेच झिजलेले टायर बसवले होते. हा दोष मला गंभीर वाटतो. अशा वाटेवर तो जिवावर बेतू शकतो. इंजिनांनी मात्र विरळ हवेतही कुरकुर केली नाही.

पुढे सेमोनकाँगजवळ 192 मीटर कोसळणारा मालेत्सुन्याने धबधबा पाहिला. लोकरी घोंगड्या पांघरून घोड्यांवरून जाणारे मेंढपाळ वाटेत थांबून हात उंचावत असत. सह्याद्रीतील धनगरांची आठवण त्या घोंगड्यांनीच करून दिली. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने तो ताण नव्हता.

इंजिनांची निगा आणि कागदपत्रे उत्तम आहेत, परंतु खडबडीत वाटेचे नवे टायर बसवून मिळाल्याखेरीज गाडी ताब्यात घेऊ नये.